सकाळचा बाप, दुपारचा बाप

माझ्या बापाला भूत दिसायचं आणि मी गावोगाव फिरून 'भूत नसतं' म्हणून पत्रकं वाटायची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कुजबुजायची कुणाला गरज नको.

पत्रकं मीच लिहायची. आमच्या गटाचा नियम होता: एका कागदावर एकच गोष्ट, अक्षर मोठं, वाक्य आखूड, शेवटी एक प्रश्न. गोंदियात छापून घ्यायची, एसटीच्या मागच्या सीटवर गठ्ठा टाकायचा आणि सौंदडचा बाजार असो की कामठ्याची शाळा, माणसं जमतील तिथं उभं राहायचं. दोन हजार दहाच्या मागची-पुढची वर्षं. मी विशी ओलांडलेली. आवाज मोठा, ऐकून घ्यायची सवय कमी.

घर नवेगाव बांध या तलावाकाठच्या गावात. बाप वनखात्याच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर होता. काळ्या पिशवीत माती भरायची, बोटाने भोक पाडायचं, त्यात बी टाकायचं. आधी बी भोकात पडेना, बाजूला पडू लागलं. मग उजव्या हाताचा अंगठा शेजारच्या बोटावर आपोआप घासत राहू लागला, वात वळल्यासारखा. माय म्हणायची, "घरात समई नाही, तं वाती कोनासाठी वळून राहिले जी?" बाप हसायचा. मग एक दिवस लक्षात आलं की तो हसतो, पण चेहरा हसत नाही. चेहरा लाकडाचा झाला होता.

गोंदियाच्या डॉक्टरने कंपवात सांगितला. गोळी दिली आणि म्हणाला, "बाबूजी, हाथ खुल जाएगा." आणि खरंच खुलला. बापाने स्वतःच्या हाताने सदऱ्याची बटणं लावली ती सकाळ मला आठवते. माय तोंडात पदर धरून उभी होती. काही महिन्यांनी तेवढ्याने भागेना म्हणून डॉक्टरने दुसरी एक गोळी जोडली. दुकानदाराने कात्रीने पट्टी कापून दिली. गोळीचा खोका दुकानातच राहिला, आणि त्या खोक्यात घडी घालून ठेवलेला इंग्रजी कागदही तिथंच राहिला. तो घरी आला असता तरी मुंगीएवढ्या अक्षरातलं कोण वाचणार होतं? आम्हाला कोणी पत्रक कसं लिहायचं ते विचारायला हवं होतं.

दुसऱ्या गोळीनंतर मासे सुरू झाले.

बापाला गरी टाकायची आवड आधीपासून होती. पण ती आवड माणसासारखी होती. सुटीच्या दिवशी तलावाच्या पाळीवर जायचा, सापडलं तर सापडलं, ऊन चढलं की परत. आता तो चहा पिता पिता उठायचा. बांबूची काठी, दोरा, दोऱ्यावर तरंगायला मोरपिसाच्या देठाचा तुकडा आणि गांडुळांचा डबा. सकाळी गेलेला माणूस दिवेलागणीला माय बोलवायला गेली की उठायचा, तेही ओढून. जेवायला यायचा नाही. उन्हात बसायचा, पावसात बसायचा, वीज कडाडत असताना बसायचा.

"बुद्धवंदनेत म्हनते, प्राणिमात्राची हिंसा करनार नाही," माय म्हणायची, "अन् डोळे उघडले का गरी घेऊन पळते."

"मी कोठं हिंसा करतो? मासाच येऊन लागते न."

सुरुवातीला शेजार खूश होता. मग शेजारीण दारातूनच ओरडू लागली, "आज नोको हो बाई, आज आमच्या घरी वांगे होय!" बादलीत मासे वास मारायला लागले. मी एकदा पाळीवर त्याच्या मागे उभी राहून बघितलं. मरळ निघाली, चांगली हातभर. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गळातून सोडवली, मागे फेकली, आणि हात लगेच गांडुळाच्या डब्यात. त्याला मासा नको होता. मोरपिसाचा तुकडा पाण्यावर हलतो, बुडतो की नाही बुडत, तो क्षण हवा होता. फक्त तो. परत, परत, परत.

"बाबा, आता चला."

"आता लागन."

"लागला न आत्ताच."

"तो नाही. आता लागन."

आणि मग त्याने बूड हलवून बाजूला जागा करून दिली. मला वाटलं, माझ्यासाठी. मी बसायला गेले तर त्याने हात आडवा धरला. "तेथी नोको बसू. तो बसला हाय."

तिथं कोणी नव्हतं. गवत होतं, त्यावर मासा तडफडत होता.

घरीही तसंच सुरू झालं. बाप खाटेच्या अगदी कडेला बसायचा, अर्धा लोंबकळत. माय म्हणायची, "सरका न मधात, पडसान!" तो म्हणायचा, "त्याले जागा लागते न." घाबरलेला नसायचा. आमचाच जीव उडायचा. विचारलं तर सांगायचा की एक गडी आहे, बाजूला येऊन बसतो, बोलत नाही, तोंड नीट दिसत नाही. "पन मासा लागाच्या आंधी त्याले मालूम होते. तो थोडासाक पुढं झुकते. मंग लागते."

मी अंगात येणाऱ्या बायांसमोर उभी राहिलेली मुलगी. मंत्राच्या लिंबातून रक्त कसं काढतात ते बाजारात करून दाखवणारी. आणि आमच्या घरात भर दुपारी, उन्हात, माय खाटेच्या रिकाम्या अर्ध्या भागाला वळसा घालून चालायची. ती मानत नव्हती. तरी वळसा घालायची. एकदा माझंही पाऊल तसंच वळलं. मला माझाच राग आला.

गावाला उत्तर तयार होतं. कधीतरी तलावात कोणी बुडालेला होता, त्यानेच धरला. शेजारीण काळी कोंबडी द्यायला तयार झाली, स्वतःच्या घरची. म्हणाली, "तुमच्यात चालत नाही, मालूम हाय. मी माह्या नावानं सोडतो. तुमी फक्त त्याइले तेथी आना." मी तिला झापलं. ती वाईट बाई नव्हती.

कामठ्याला कार्यक्रम होता. मी नेहमीचं बोलत होते: भूत मेंदूत असतं, इलाज करा, लपवू नका. मागून एक म्हातारा उठला, विडी कानावर, अगदी शांतपणे म्हणाला, "ताई, जगाचं रायू द्या. तुमच्या घरी का चालू हाय थे सांगा आंधी." माणसं हसली. मी म्हणाले, "माझा बाप आजारी आहे. आजाराला आजार म्हणायची मला लाज नाही." टाळ्या पडल्या. पण टाळ्यांनी काय होतं? एसटीत बसले आणि नवेगाव येईपर्यंत मला एकच गोष्ट दिसत होती. गडी पुढं झुकतो. मग लागतं.

त्या पावसाळ्यात गळ पाणवेलीत अडकला. बाप तो सोडवायला पाण्यात उतरला आणि उतरतच गेला. छातीपर्यंत पाणी आलं तरी थांबला नाही. जवळच जाळं टाकणाऱ्या ढिवराने त्याला काखेत धरून ओढून काढलं. घरी आणून टाकला तेव्हा त्याच्या हातात दोरा होता, बोटं कापली होती. ढिवर मायला म्हणाला, "वैनी, मी दरदिवशी नाही राहान तेथी."

एवढंच. त्याच्यापुढे आणखी काय सांगायचं असतं?

आम्ही नागपूरला मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथली डॉक्टर, मधल्या वयाची बाई, आधी बापाकडे बघत बसली. मग तिने विचारलं, "ही दुसरी गोळी सुरू झाल्यापासून काही नवीन लागलंय का? जुगार, खाणं, खरेदी, काहीही, जे थांबवता येत नाही?"

माय एकदम म्हणाली, "मासे!"

मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. तिने मान हलवली, जणू अशीच बाई कालही येऊन असंच ओरडून गेली होती. आणि मला संताप आला. हा एक प्रश्न. एवढुसा. गोंदियात कोणी विचारला नाही, दुकानदाराने विचारला नाही, आणि आमचा बाप छातीभर पाण्यात गेला. विचारायला कोणाचं काय जात होतं?

तिथं शिकणारी एक मुलगी अशाच रोग्यांवर अभ्यास करत होती. तिने बापाला लॅपटॉपवर खेळ दिला. पडद्यावर दोन खुणा येतात, कुठल्याच भाषेतल्या नसलेल्या. एक निवडायची. कधी हसरं तोंड येतं, कधी रडकं. कोणती खूण बहुतेक वेळा हसवते, कोणती रडवते, हे खेळता खेळता शिकायचं. पहिला खेळ सकाळी, गोळी न घेता. दुसरा गोळी घेतल्यावर, नव्या खुणांचा.

सकाळी बाप आखडलेला होता. बोट उचलायला वेळ लागत होता. पण रडकं तोंड आलं की तो ती खूण पुन्हा धरत नव्हता. "हे नोको. हे रडवते." हसऱ्या तोंडाचं त्याला काही पडलेलं नव्हतं.

गोळी घेतली, अंग सुटलं, चेहऱ्यात माणूस आला. पुन्हा बसला. आता हसरं तोंड आलं की डोळे चमकायचे, ती खूण पक्की लक्षात राहायची. आणि रडकं आलं तर? काहीच नाही. तीच खूण पुन्हा. रडकं. पुन्हा तीच. रडकं.

"आता लागन," बाप म्हणाला. आणि बाकावर थोडा सरकला, बाजूला जागा करून.

त्या थंडगार खोलीत मला तलावाचा वास आला. मी खोटं लिहीत नाही.

डॉक्टरने हातवारे करून सांगितलं, मी पत्रकवाली असल्याने लगेच पकडलं. मेंदूत बक्षिसातून शिकायचं काम एकट्या कोपऱ्याचं नाही. कपाळामागचा भाग किंमत ठरवतो, आणि किंमत उतरली की सांगतो: पोट भरलं, ऊन झालं, आता पुरे. कानशिलाच्या आत, खोलवर, एक भाग ठेवतो ते कुठं आणि कधी घडलं. त्याच्या शेजारची बदामाएवढी गाठ भीती आणि हाव दोन्हीला वजन देते. आणि मध्यभागी, आत, स्ट्रायटम नावाचा भाग. तिथं डोपामिन नावाचं रसायन पोचतं. वाटलं त्यापेक्षा जास्त मिळालं की डोपामिन उसळतं, ते शिकवतं 'परत कर'. वाटलं त्यापेक्षा कमी मिळालं की त्यात खड्डा पडतो, तो शिकवतो 'सोड'. दुसरी गोळी डोपामिनचं सोंग घेऊन तिथं बसून राहते. खड्डा पडूच देत नाही. म्हणजे बक्षिसाचं शिक्षण चालू, नुकसानीची शाळा बंद.

"मग हातालाच काऊन नाही लागू होत ती फक्त?" मी विचारलं.

तेव्हा तिने सांगितलं ते मी घरी आल्यावर माय-बापाला शेताच्या उदाहरणाने समजावलं. धानाच्या दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे: एक वरची, एक खालची. हातपाय हलवणाऱ्या वरच्या बांधीचं पाणी, म्हणजे डोपामिन, या रोगात आधी आटतं. हावेची, बक्षिसाची खालची बांधी बराच काळ भरलेली असते. औषधाचं पाणी एकाच पाटातून येतं, ते वरच्या बांधीला पुरेल इतकं सोडलं की खालची बुडते.

"मंग धान सडते," बाप म्हणाला.

"हो."

"अन् तो गडी?"

"तोही गोळीचाच असू शकते, बाबा. ती म्हणाली, या रोगात अन् या गोळीनं असं दिसते लोकाईले."

बापाने खाटेच्या रिकाम्या बाजूकडे पाहिलं. "म्हंजे दुसऱ्याइलेही दिसते?" मला वाटलं त्याला बरं वाटलं. आता वाटतं, त्याला वाईट वाटलं असावं. तो गडी त्याला आपला एकट्याचा वाटत होता.

डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं: दुसरी गोळी एकदम तोडायची नाही, हळूहळू उतरवायची. उतरवली की तलाव सुटेल, पण हात पुन्हा बांधले जातील, चालणं कमी होईल. "त्यांना विचारा. निर्णय त्यांचा."

हे माझंच वाक्य होतं. 'ज्याचं शरीर, त्याचा निर्णय' हे मी किती कागदांवर छापलं होतं. म्हणून मी विचारलं.

सकाळी विचारलं. गोळीच्या आधी. बाप भिंतीला टेकून, लाकडासारखा. शब्द ओठातून ओढून काढावे लागत होते. "उतरव," तो म्हणाला. "मी पान्यात गेलो होतो न. मले मालूम होतं पानी गळ्याले येते म्हनून. तरी पाय मांगं येत नव्हते. मले भेव लागते, बाई. उतरव."

दुपारी पुन्हा विचारलं. का विचारलं? कारण एकदा विचारून मोकळं होणं मला पटत नव्हतं. बाप काठीला नवा दोरा बांधत होता, सफाईने, रोपवाटिकेतल्या दिवसांसारख्या बोटांनी. "कायले उतरवते?" तो हसून म्हणाला, आणि चेहराही हसला. "पाह्य न, हात कसा चालते. मासे का कोनाचे चोरतो का मी?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही दिवशी. सकाळचा बाप 'उतरव' म्हणायचा, दुपारचा 'कायले'. दोघांनाही सगळं आठवायचं. दोघंही शुद्धीत. दोघांचा आवाज एकच. ज्याचं शरीर, त्याचा निर्णय. पण त्या शरीरात दोघं राहत होते, त्याचं काय करायचं हे कोणत्याच कागदावर मी लिहिलं नव्हतं.

शेवटी सकाळच्या बापानेच तोडगा काढला. मायलाही खाटेजवळ बोलावलं. म्हणाला, "ही काठी त्या ढिवराले देऊन टाका. गोळ्या," तो मायला म्हणाला, "तुह्या कमरेले ठेव. अन् बाई," माझ्याकडे वळून, "मी दुपारी काईही बोलन. रडन, शिव्या देईन. ते आयकू नोको."

"बाबा, तुमचं न ऐकायचं?"

"माह्यंच आयकून राहिली न तू. आत्ताचं."

मी 'हो' म्हणाले. ऐकवणं हा माझा धंदा होता. न ऐकण्याचा शब्द दिला.

उतरवणीचे ते आठवडे मी कुणाला सांगत नाही. दुपार झाली की बाप घामाने भिजायचा, दाराकडे बघायचा, मायच्या पदराला हात घालायचा. एकदा तो माझ्यासमोर उभा राहिला, अजून उभा राहू शकत होता, आणि अगदी हळू बोलला. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"तू गावोगाव लोकाईले आयकवत फिरते. बापाचं आयकाले तुले कान नाही?"

मी दाराला कडी घातली.

"सकाळी बोलला तो बिमार मानूस होता. आखडलेला, भेलेला. मी बरा हावो. बऱ्या मानसाचं सोडून बिमाराचं आयकते? हे कोनतं ग्यान होय तुह्यं?"

मायने माझा हात दाबून धरला होता, की मी तिचा, आठवत नाही. बाजारात कुठलाही बुवा मला निरुत्तर करू शकला नाही, बापाने केलं.

गोळी उतरली. तलाव सुटला. हात बांधले गेले. भात मी भरवायची. दुपारचा बाप एक दिवस आलाच नाही, आणि मग कधीच नाही.

"बाबा, तो गडी दिसते का?"

"नाही."

"कधीपासून?"

"गेला तो." थोड्या वेळाने, भात गिळून, "चांगला होता. तरास नव्हता त्याचा."

शेजारीण मायला म्हणाली, तिने कोंबडी सोडलीच होती, आम्हाला न सांगता. म्हणून गेला. मी भांडले नाही. पहिल्यांदाच.

एक गोष्ट मात्र राहिली. गडी गेला तरी बाप खाटेच्या कडेलाच बसायचा. नागपूरची डॉक्टर म्हणाली, त्याच स्ट्रायटममध्ये सवयीचाही एक भाग आहे, बक्षीस बंद झालं तरी घोटलेलं काम तो करत राहतो. बरोबर असेल. मी रोज त्याला उचलून मध्ये बसवायची. थोड्या वेळाने बघावं तर, ज्या माणसाला कूस बदलता येत नव्हती, तो इंच इंच करून कडेला आलेला असायचा. बाजूला एका माणसाची जागा.

पुढे एका हिवाळ्यात छातीत कफ धरून तो गेला. जाण्याच्या आधी, सकाळी, माझ्याकडे बघून त्याने पापणी मिटली. बरं केलंस, असा त्याचा अर्थ मी घेतला. सकाळच्या बापाचा तेवढा निरोप मला मिळाला. दुपारच्याचा नाही.

मी अजून पत्रकं वाटते. भूत नसतं. हे मी आजही मोठ्या अक्षरात छापते, आणि ते खरं आहे. सभा आटोपून दुपारी घरी येते, खाटेवर टेकते. माय आतून बघते आणि म्हणते, "सरक न मधात, पडशीन."

मी बघते, तर कडेला बसलेली असते.

"राहू दे," म्हणते, आणि तशीच बसून राहते.